ब्लॅक सॅटर्डे : ४६ अंश चंद्रपुरातही होतात, मग तिथे १७३ माणसं का जळून मरत नाहीत?

यारातीर

शेजारच्या उन्हाळ्याच्या धाग्यावर रोखठोक नानांनी लिहिलंय ते आधी जसंच्या तसं देतो: "४६ अंशांचं काय कौतुक? चंद्रपूरला मे महिन्यात तेवढं असतंच. तिथे कुठे एका दिवसात १७३ माणसं जळून मरतात? ऑस्ट्रेलियात आगी लावणारे माथेफिरू आणि झाड तोडू न देणारे पर्यावरणवाले, ही दोनच कारणं. हवामान हे नुसतं निमित्त."

याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. ७ फेब्रुवारी २००९, म्हणजे ब्लॅक सॅटर्डे: ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसात पेटलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्या दिवशी मी त्याच राज्याच्या राजधानीत, मेलबर्नमध्ये होतो, पण नानांनी निमित्त ठरवलंय हवेला, तर आधी हवेबद्दलच बोलू.

पारा हा त्या दिवसाचा फक्त एक आकडा आहे. मेलबर्नला ४६.४ होतं, शहराच्या दीडशे वर्षांच्या नोंदींतलं सर्वाधिक. राज्याच्या वायव्येला होपटाउनला ४८.८. चंद्रपूर यातला पहिला आकडा गाठतं, मान्य. पण चंद्रपूरच्या जंगलाला आठ महिने कोरडे काढायची सवय आहे, मे महिन्यात साग पानं गाळून बसलेला असतो. व्हिक्टोरियात १९९७ पासून दुष्काळ चालू होता. २००९ चा अख्खा जानेवारी मेलबर्नला ०.८ मिलिमीटर पाऊस. मग २८, २९, ३० जानेवारीला ओळीने ४३.४, ४४.३ आणि ४५.१. रेल्वेचे रूळ वाकले, गाड्या रद्द झाल्या. त्या उष्म्याच्या लाटेत व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, म्हणजे ब्लॅक सॅटर्डे उजाडायच्या आधीच. जंगलातल्या पाचोळ्यात, फांद्यांत, हिरव्या पानांतसुद्धा जो काही ओलावा होता तो त्या दिवसांत गेला. आणि निलगिरी पानं गाळत नाही. तेलाने भरलेली पानं वर, सालीच्या लोंबणाऱ्या चिंध्या खोडावर, आणि खाली वर्षानुवर्षांचा पाचोळा.

आता वारा. तस्मान समुद्रावर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलेलं. त्याच्यामुळे खंडाच्या पोटातली, वाळवंटावर तापलेली हवा वायव्येकडून थेट व्हिक्टोरियावर. झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर, आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली. जंगलाच्या आगीचा धोका मोजायला इथे मॅकआर्थर यांचा निर्देशांक वापरायचे. त्यातला १०० हा आकडा १३ जानेवारी १९३९ च्या ब्लॅक फ्रायडेवरून ठरवलेला, ज्यात ७१ माणसं गेली. म्हणजे १०० म्हणजे कल्पनेतला सगळ्यात वाईट दिवस. ७ फेब्रुवारीला कित्येक ठिकाणी हा आकडा शंभराच्या बराच पुढे गेला.

आणि तरीही खरा घात दुपारी झाला नाही. किलमोर ईस्टची आग पावणेबाराला लागली. वायव्येच्या वाऱ्यावर ती हमरस्ता ओलांडून वाँडाँगवरून आग्नेयेला पळत सुटली, लांब चिंचोळा पट्टा करत. संध्याकाळी नैर्ऋत्येचा गार वारा आला, इथे त्याला 'चेंज' म्हणतात. पारा पाहता पाहता तिशीच्या आसपास उतरला. पण वाऱ्याची दिशा फिरली तशी त्या लांब पट्ट्याची अख्खी ईशान्येची बाजू म्हणजेच आगीची नवी आघाडी झाली. अरुंद तोंडाची आग कित्येक किलोमीटर रुंद झाली आणि किंगलेकच्या डोंगरावर चढली. चढावर आग आणखी वेगाने जाते, दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट. त्या एका आगीत ११९ माणसं गेली. शहरात आम्ही त्याच वाऱ्याला खिडक्या उघडून "सुटलो" म्हणत होतो.

हे सगळं अचानक आलं असंही नाही. हवामान खात्याचा अंदाज आधीच होता, राज्याच्या प्रीमियरनी (म्हणजे मुख्यमंत्र्यांनी) आदल्या दिवशी जाहीरपणे सांगितलं होतं की इतका वाईट दिवस राज्याने पाहिला नसेल. हवा निमित्त असती तर कोणी काडी ओढायच्या आधी, आदल्या दिवशी हे सांगता आलं असतं का? नानांनी याचं उत्तर द्यावं.

रोखठोक_नाना

देतो की. हवामान खात्याने वादळाचा अंदाज दिला आणि तुमचं घर कोणी फोडलं, तर चोर वादळ का?

गिप्सलँडमधल्या चर्चिलची आग माणसाने लावली. ११ जण मेले. लावणारा पकडला, २०१२ ला दोषी ठरला. मेरीजव्हिल तर अख्खं गाव गेलं, तिथेही पोलीस जाळपोळीचाच तपास करत होते. आणि तुम्ही १९३९ चं नाव काढलंत म्हणून सांगतो, त्या आगींच्या चौकशीत न्यायाधीश स्ट्रेटन यांनी अहवालात लिहून ठेवलंय की या आगी माणसाच्या हाताने लागल्या. त्यांच्याच देशाचा न्यायाधीश, त्यांचाच अहवाल. सत्तर वर्षांनी तुम्ही पुन्हा वारा आणि दाब सांगताय. हवेला कोर्टात उभं करता येत नाही, म्हणून सगळ्यांना हवा आवडते.

वारणाकाठ

नानांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, बाकी एका अक्षराशी नाही. माथेफिरू माथेफिरू काय लावलंय? यारातीर, तुम्हीही मोठा लेख लिहिलात आणि किलमोर ईस्टची आग "लागली" म्हणून पुढे गेलात. कशाने लागली? विजेची तार तुटून. दरीवरून जवळजवळ एक किलोमीटरचा एकच गाळा, एकेरी तार. ती तुटली, ठिणगी पडली, ११९ माणसं मेली. या आगींच्या चौकशीला नेमलेल्या रॉयल कमिशनने लिहिलंय की त्या दिवसाच्या ११ मोठ्या आगींपैकी ५ विजेच्या यंत्रणेतल्या बिघाडाने लागल्या. २०१४ ला जवळपास ५० कोटी डॉलरची तडजोड झाली, दोष मान्य न करता. हे तुमच्या लेखात का नाही?

मला हे का माहीत आहे तेही सांगतो. आमच्या रानातून लाइन गेली आहे. दोन खांबांत अंतर जास्त, तारांना झोळ एवढा की ऊस उंच झाला की शेंडा तारेपासून हातभर. मी लेखी अर्ज दिले. वायरमन यायचा, वर बघायचा, "मधे एक पोल पाहिजे" म्हणायचा आणि जायचा. जानेवारीचा महिना, ऊस तोडणीला आलेला, टोळी शेजारच्या रानात. दुपारी वारा सुटला आणि तार तारेला लागली. ठिणगी पाचटावर पडलेली माझ्या भावाने डोळ्यांनी पाहिली. पळत डीपीपर्यंत जाऊन फ्यूज काढेपर्यंत अर्धं रान पेटलं होतं. उसाची आग ज्याने ऐकली आहे त्याला आवाज आठवेल, कांड्या फुटतात त्याचा. आम्ही पुढच्या सऱ्या कोयत्याने आडव्या पाडून पट्टा मोकळा केला म्हणून शेजाऱ्याचं वाचलं.

मग पंचनामा. तलाठी आला, पोलीस पाटील आला. वीज कंपनीच्या माणसाने लिहिलं: अज्ञात कारणाने. कोणीतरी विडी टाकली असेल म्हणाला. कारखान्याने जळका ऊस म्हणून कपात केली ती वेगळीच. म्हणून सांगतो नाना, "माणसाने लावली असेल" हे वाक्य सगळ्यात जास्त कोणाच्या सोयीचं असतं ते आमच्याकडे येऊन बघा.

काजूबाग

वारणाकाठ यांच्या दुःखाचा मान राखून सांगते, कोकणात मात्र नाना म्हणतात तसंच आहे. डोंगराच्या पलीकडे कोणीतरी गवत पेटवतं, जळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं ही समजूत. वणवा रात्री आमच्या कलमांत. लावलेली काजूची झाडं नुकती धरायला लागली होती. दर वर्षी आम्ही बागेभोवती जाळरेषा काढतो, वारा असला की आग ती ओलांडून आत येते. कोण लावतं ते गावाला माहीत असतं आणि कोणी नाव घेत नाही.

झाडीपट्टी

मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूचा, म्हणून नानांच्या मूळ मुद्द्यावर बोलायला हवं. आमच्याकडे ४६ ला जंगल पेटतं, पण ते जमिनीवर पेटतं. सागाची वाळकी पानं जळत जातात, ज्वाळा गुडघ्याइतक्या, फार तर कमरेइतक्या. हिरव्या डहाळ्याने झोडपून विझवता येते, अजूनही तशीच विझवतात. झाडाच्या शेंड्यातून शेंड्यात आग जात नाही, कारण शेंड्यावर जळायला पान नसतं. आणि गावं जंगलाला लागून असली तरी मधे शेत असतं, उन्हाळ्यात ते रिकामं. किंगलेकसारखं झाडांच्या आत घर नसतं. त्यामुळे ती तुलनाच चुकीची आहे, यारातीर बरोबर सांगताहेत.

पण नाना, तुमचा 'आगी लावणारे' हा शब्द मला टोचला. आमच्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूच्या हंगामातही आगी लागतात, हे खरं. पण जंगल पेटलं की पहिलं बोट आदिवासींकडे, आणि विझवायला पुढे कोण? तेच. हंगामी मजूर म्हणून, साध्या चपलांवर. कोणी आग लावली याच्या गोष्टी सांगणारे तेव्हा तिथे नसतात.

रोखठोक_नाना

मी आदिवासींचं नाव कुठे घेतलं? दाखवा. माझ्या तोंडी शब्द घालू नका. काजूबाग ताईंनी लिहिलेलं बघा, ते तुम्हाला टोचलं नाही, माझंच टोचलं.

वारणाकाठ, तुमच्या उसाचं वाईट वाटलं, मनापासून. पण किंगलेक आणि ऊस यांचा संबंध काय?

तीनफेज

संबंध आहे, पण वारणाकाठ सांगतात तो नाही. माझं आयुष्य याच क्षेत्रात गेलं, निवृत्त झालो. एकतर्फी ऐकून घेणार नाही.

उन्हात तार सैल होते, झोळ वाढतो, हे पुस्तकातलं पहिलं पान आहे. ज्या अंतरावर खांब टाकले तेव्हा खाली ज्वारी-शाळू होता. नंतर ऊस आला. लाइनखाली बांधावर झाडं लावली, फांद्या तोडायला गेलं की "आमचं झाड आहे" म्हणून अंगावर येतात. रात्री चोरून वीज घ्यायला तारेवर आकडे टाकतात, आकड्याच्या ओढीने तार आणखी खाली येते. डीपीवर मोटारींचा बोजा दुप्पट. फ्यूज उडते म्हणून जाड तार बांधून ठेवतात, मग ठिणगी पडल्यावर फ्यूज उडणार कशी? वायरमनला एकट्याला किती गावं असतात ते कोणी विचारत नाही. पावसात खांबावर चढून जे मेले त्यांचे पंचनामे मी केलेत.

वारणाकाठ

माझ्या रानात आकडा नाही, कधी नव्हता. बिल भरल्याच्या पावत्या आहेत. फ्यूजला जाड तार आम्ही बांधली नाही, ती तुमच्याच माणसाने बांधली, कारण फ्यूजचं किटकॅट मिळत नव्हतं. तुम्ही मला ओळखत नाही आणि चोर म्हणताय. याला माजोरीपणा म्हणतात. हेच पंचनाम्यात झालं, हेच इथे.

तीनफेज

तुम्हाला चोर म्हटलं नाही, परिस्थिती सांगितली. आवाज खाली ठेवा.

वारणाकाठ

माझा ऊस जळाला, आवाज मी ठरवीन.

यारातीर

दोघांनाही विनंती, जरा थांबा. धागा भरकटतोय असं म्हणणार होतो, पण तारांचा मुद्दा इथलाच आहे, आणि मी तो लिहायला हवा होता असं वारणाकाठ म्हणतात ते रास्त आहे.

नाना, मेरीजव्हिलचं तुमचं उदाहरण मात्र जुनं झालं. मेरीजव्हिल जाळलं ते मरिंडिंडीच्या आगीने, तीत ४० माणसं गेली, सुरुवातीला जाळपोळीचा संशय होता. पुढे पोलिसांनीच तपासाअंती सांगितलं की जाळपोळ नव्हे, विजेची तार. २०१५ ला तिथेही ३० कोटी डॉलरची तडजोड झाली. म्हणजे १७३ पैकी किलमोर ईस्ट आणि मरिंडिंडी मिळून १५९ माणसं तारांनी लागलेल्या आगींत गेली. चर्चिल ११. माथेफिरूच्या वाट्याला किती आले ते तुम्हीच मांडा.

पण वारणाकाठ, हे मान्य करूनही माझा मुद्दा तसाच उरतो. त्या दिवशी राज्यात आगीच्या चारशेच्या आसपास नोंदी आहेत. कशाकशाने लागल्या: तारा, वीज पडून, यंत्रांच्या ठिणग्या, निष्काळजीपणा, जाळपोळ. बहुतेक विझल्या किंवा कोणाचा जीव घेतल्याशिवाय आटोक्यात आल्या. तीच तार जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तुटली असती तर गवताचा एक पट्टा जळला असता आणि स्थानिक वर्तमानपत्रात बातमीही आली नसती. आणि तारा त्याच दिवशी का तुटल्या? वाऱ्याने. म्हणजे आग लावणाराही वारा आणि पसरवणाराही वारा. किलमोर ईस्टच्या आगीने स्वतःचा ढग तयार केला, त्या ढगातल्या विजांनी पुढे नव्या आगी लागल्या. निखारे तीस-तीस किलोमीटर पुढे जाऊन पडत होते. तिथे कोणता माथेफिरू होता आणि कोणती तार?

तीनफेज

वाऱ्याने तार तुटते हे अर्धसत्य आहे. चांगली तार वाऱ्याने तुटत नाही, थकलेली तुटते. इतक्या लांब गाळ्यात तार वाऱ्यावर सतत थरथरते आणि जिथे बांधलेली असते तिथे तिचे पदर एकेक करून तुटत जातात. खालून दिसत नाही. त्यासाठी थरथर शोषणारी वजनं बसवतात. म्हणजे देखभाल. हे मी वीज खात्याचा माणूस म्हणून सांगतोय, लिहून घ्या.

दुसरी गोष्ट. लाइन ट्रिप झाली की आपोआप पुन्हा चालू करून बघणारं यंत्र असतं, रीक्लोझर. एरवी ते उत्तम, फांदी लागून गेली की वीज परत येते. पण तार गवतावर पडलेली असताना ते पुन्हा वीज सोडतं. कमिशनने शिफारस केली की एकेरी तारांवर आगीच्या हंगामातल्या सर्वात धोक्याच्या आठवड्यांत ते बंद ठेवा, आणि जुन्या एकेरी तारा टप्प्याटप्प्याने काढून आवरणाची किंवा जमिनीखालची केबल टाका. पुढे त्यांनी २२ केव्हीच्या लाइनवर रॅपिड अर्थ फॉल्ट करंट लिमिटर बसवले. तार जमिनीला लागताक्षणी त्या फेजचा दाब इतका पाडतात की ठिणगीत जोर राहत नाही. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून करंट इतका कमी जातो की साध्या फ्यूजला पत्ताच लागत नाही, हीच मोठी अडचण असते. वारणाकाठ, तुमच्या फ्यूजला जाड तार कोणी बांधली हा वाद त्यामुळे दुय्यम आहे.

वारणाकाठ

दुय्यम तुम्हाला. पण हे नीट सांगितलंत, हे आधी सांगायचं होतं.

रानजाई

मी मेलबर्नच्या ईशान्येला, डायमंड क्रीकच्या बाजूला राहते, तेव्हाही तिथेच. वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे आग कशाने लागली यावर भांडताय. माणसं का मेली यावर कोणी बोलत नाही.

त्या दुपारी आमच्या अंगणात जळकी पानं पडत होती. निलगिरीची अख्खी पानं, शिरा दिसत होत्या, हात लावला की काळी भुकटी. उत्तरेकडे धुराची भिंत. मी रेडिओला कान लावून बसले होते आणि रेडिओवर दुसऱ्याच गावांची नावं. किंगलेकचं नाव इशाऱ्यात आलं तोवर उशीर झाला होता, हे पुढे चौकशीत निघालं. आमच्या ओळखीचं एक कुटुंब डोंगरावर राहायचं, ते वाचले. मोटारीत कुत्रा आणि दोन पिशव्या टाकून निघाले तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, फक्त आकाश नारिंगी झालं म्हणून निघाले. त्यांच्या रस्त्यावरचे सगळे निघाले नाहीत.

आणि निघाले नाहीत ते का? कारण सरकारनेच शिकवलं होतं: तयारी असेल तर थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. साध्या आगीला हे धोरण चालतं. पंप आहे, पन्हाळं साफ केलीत, घोंगड्या ओल्या केल्यात, दहा-पंधरा मिनिटं आगीचं तोंड घरावरून जाऊ द्यायचं, मग बाहेर येऊन निखारे विझवायचे. ७ फेब्रुवारीला हे चालणार नव्हतं. वीज गेली की पंप बंद, प्लॅस्टिकचे पाइप वितळले, ज्वाळा पोचायच्या आधी नुसत्या धगीने काचा फुटल्या. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक घरात किंवा घराच्या आवारात सापडले. त्यांनी सांगितलेलं ऐकलं होतं.

यारातीर, तुम्ही म्हणता अंदाज आधीच होता. होता ना. मग 'आज थांबू नका, कोणीही थांबू नका' एवढं वाक्य कोणी का नाही म्हटलं? ते वाक्य नियमात यायला १७३ माणसं जावी लागली. धोक्याच्या पाटीवर सगळ्यात वरची पायरी, कोड रेड, नंतर आली. फोनवर इशारा पाठवायची यंत्रणा नंतर आली. हवा तुमच्या म्हणण्याप्रमाणे एवढी बोलत होती, तर ऐकणाऱ्यांनी ते लोकांच्या भाषेत सांगितलं नाही, याला मी हवामान म्हणणार नाही.

यारातीर

रानजाई ताई, यावर माझ्याकडे वाद घालण्यासारखं काही नाही. एकच जोडतो: थांबायचं की निघायचं हे त्या दिवशी हवेवरूनच ठरायला हवं होतं, म्हणून तर हवेला निमित्त म्हणणं मला इतकं लागलं. निमित्त म्हटलं की माणूस पुढच्या ४६ अंशांच्या दिवशीही पन्हाळं साफ करून थांबतो.

हवामानवेडा

कोणी हिंद महासागराचं नाव घेतलं नाही म्हणून थोडं लिहितो. २००६, २००७ आणि २००८, सलग तीन वर्षं आयओडी (इंडियन ओशन डायपोल, हिंद महासागराच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक) धन होता. म्हणजे आफ्रिकेकडचा समुद्र उबदार आणि सुमात्राकडचा थंड. तेव्हा आग्नेय ऑस्ट्रेलियाकडे जाणारं बाष्प आटतं, त्यांचा हिवाळा-वसंत कोरडा जातो आणि उन्हाळ्यात जंगल पेटायला तयार. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ब्लॅक सॅटर्डेनंतर लगेच हे मांडलं.

गंमत म्हणून नाही, काळजीने सांगतो: तोच धन आयओडी आपल्या मोसमी पावसाला सहसा मदत करतो. २०१९ ला तो कमालीचा धन होता. त्या वर्षी देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला, ऑक्टोबर संपेपर्यंत महाराष्ट्रात सोयाबीन आणि द्राक्षं पाण्यात, आणि तिकडे ऑस्ट्रेलियात २०१९-२० चा वणव्यांचा 'ब्लॅक समर'. एकट्या सांगली-कोल्हापूरच्या ऑगस्टच्या पुराचं खापर आयओडीवर फोडता येणार नाही, पण दोन्हीकडचा हंगाम एकाच समुद्राने हलवला.

वारणाकाठ

२०१९ ला आमच्या घरात पाणी होतं. ते समुद्राने आलं का धरणातून, यावर आमच्याकडे रात्रभर भांडणं होतील. इथे नको.

रोखठोक_नाना

सगळं वाचलं. वारा फिरण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. मेरीजव्हिलचंही मान्य, जुनी बातमी डोक्यात होती. चंद्रपूरची तुलना झाडीपट्टींनी मोडून काढली, ठीक आहे, ती सोडतो.

पण पर्यावरणवाल्यांना मी सोडत नाही. एका कुटुंबाने आगीच्या भीतीने घराभोवतीची झाडं तोडली, नगरपालिकेने त्यांना कोर्टात खेचून दंड केला, आणि ७ फेब्रुवारीला आजूबाजूची घरं गेली तेव्हा त्यांचंच घर उभं राहिलं. हे खोटं आहे का? कमिशनने दर वर्षी सरकारी जंगलाचा पाच टक्के भाग मुद्दाम जाळा म्हणून सांगितलं. ते तरी केलं का? हवा तुमच्या हातात नाही, वाळकं लाकूड तर हातात आहे!

यारातीर

त्या कुटुंबाची गोष्ट खरी आहे. पण तुम्हीच तुमच्या विरुद्ध उदाहरण दिलंत. त्यांनी साफ केलं ते घराभोवतीचं. ब्लॅक सॅटर्डेला कोणती घरं वाचली याचा अभ्यास झाला, त्यात हेच निघालं की घरापासून साधारण चाळीस मीटरच्या आतली झाडंझुडपं कमी करणं हे दूरच्या जंगलात जाळण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पाच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं तेव्हा काय झालं? हेक्टर भरायचे म्हणून दूरच्या, निर्मनुष्य भागात जाळणं सोपं. म्हणून २०१५ मध्ये सरकारने हेक्टरचा हिशेब सोडून गावांना धोका किती कमी होतो त्यावर काम ठरवायचं जाहीर केलं. आणि निर्देशांक शंभराच्या पुढे गेला की जुन्या जळिताचा पट्टाही आगीला फार अडवत नाही, निखारे वरूनच जातात.

झाडीपट्टी

जाळरेषा गावाजवळ, हे आमच्याकडचा कोणताही वनमजूर सांगेल.

रोखठोक_नाना

चाळीस मीटर तर चाळीस मीटर. पण तेवढं तोडायचीही तेव्हा परवानगी नव्हती, आणि ती नाकारणारे वाऱ्याने आलेले नव्हते. हे मी लिहिणारच.

रानजाई

हे मात्र लिहा, नाना. घराजवळचं झाड तोडायचे नियम आगीनंतरच सैल झाले.

तीनफेज

वारणाकाठ, तुमचा गाळा किती मीटरचा आहे? लघुदाबाची लाइन असेल तर मधला खांब मिळायला हवा. तोवर तारांमध्ये स्पेसर बसवून घ्या, चार तारा एकमेकींपासून दूर धरणारी पट्टी, खर्च फार नसतो. अर्जात 'झोळ' लिहू नका, जमिनीपासून तारेची उंची मोजून लिहा आणि फोटो जोडा. विद्युत निरीक्षकाकडे वेगळी प्रत. आगीचा पंचनामा 'अज्ञात' म्हणून झाला असेल तर निरीक्षकाच्या अहवालाची मागणी तुम्ही करू शकता, तो वीज कंपनीच्या हाताखाली नसतो.

वारणाकाठ

हे निरीक्षकाचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. लाइन लघुदाबाचीच आहे. उद्या टेप घेऊन रानात जातो, उंची आणि गाळा दोन्ही मोजून इथेच टाकतो. अर्जाचा मजकूर तुम्ही बघून द्या. आकड्याचं बोललात ते मी विसरलेलो नाही.